वकिलाकडे रोज येणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे

कोर्टाच्या आवारात पक्षकार बदलतात, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. वाईट वाटते ते एकाच गोष्टीचे. बरेच लोक हक्क असूनही हरतात, कारण ते मुदत उलटून गेल्यावर येतात किंवा नको त्या कागदावर आधीच सही करून बसलेले असतात. म्हणून खालच्या उत्तरांत मुदत आणि कागद या दोन गोष्टी सारख्या भेटतील. उत्तरे महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांप्रमाणे आहेत. तुमच्या प्रकरणाची कागदपत्रे पाहिल्याशिवाय ठाम मत कोणी देऊ नये आणि कोणी दिले तर तुम्हीही धरू नये.

वकिलाची नोटीस आली आहे. उत्तर दिलेच पाहिजे का?

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. समोरच्याचे म्हणणे त्याच्या वकिलाने लेखी कळवले आहे, एवढेच. उत्तर दिले नाही म्हणून अटक होत नाही. तरी उत्तर द्यावे, कारण पुढे साक्षीच्या वेळी पहिला सवाल येतो: "आरोप खोटे होते, तर तेव्हा गप्प का बसलात?" त्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही.

आणखी एक समज पक्का बसला आहे, की पाकीट घेतलेच नाही तर नोटीस लागूच होत नाही. योग्य पत्त्यावर रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टाने पाठवलेले पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत गेले, तर कोर्ट साधारणपणे नोटीस मिळाली असेच धरते. तुम्हाला मात्र आत काय लिहिले होते ते कळतच नाही. त्यामुळे पाकीट घ्या, वर तारीख लिहा आणि पाकिटासकट जपून ठेवा.

आणि कोर्टाचे समन्स आले तर?

ते टाळून चालत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचे लेखी म्हणणे, द्यायची असते. कोर्ट कारण पाहून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हजरच झाला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, पण त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे आणि गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते.

ओळखीच्या माणसाला हातउसने पैसे दिले. कागद काहीच नाही. परत मिळतील का?

मिळू शकतात, पण सिद्ध करायची जबाबदारी तुमची. बँकेतून किंवा यूपीआयने पाठवले असतील तर ती नोंद पुरावा होते. "पुढच्या महिन्यात देतो" असा व्हॉट्सअॅप मेसेजही उपयोगी पडतो. फोन बदलताना तो पुसू नका.

दावा करायची मुदत आहे तीन वर्षांची. "आज देतो, उद्या देतो" ऐकत लोक चौथ्या वर्षात वकिलाकडे येतात, तेव्हा फार थोडे करता येते. पैसे देणे आहे असे त्या माणसाने मुदत संपण्याआधी लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. त्यामुळे मैत्री टिकवून वाट पाहायची असेल, तरी दोन ओळींचा कागद घ्या. रक्कम, तारीख, सही. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. आणि २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी देऊ-घेऊ नका. आयकर कायद्याला ते चालत नाही आणि दंड पैसे घेणाऱ्यावर बसतो.

चेक बाउन्स झाला. लगेच फौजदारी केस होते का?

होते, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि एक जरी चुकली तरी केस पडू शकते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ चे कलम १३८ इथे लागू होते. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकलेला असावा आणि कायद्याने वसूल होऊ शकेल अशा देण्यापोटी दिलेला असावा. देणगी म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागत नाही.

तारखा कशा मोजतात ते उदाहरणाने पाहू. चेक परत आल्याचा मेमो बँकेने तुम्हाला ३ जूनला दिला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ३ जुलैपर्यंत, लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. ती समोरच्याला २० जूनला मिळाली असे धरू. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ५ जुलैपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर तिथून एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार दाखल करायची. ५ ऑगस्टच्या आत केलीत की निश्चिंत. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीची ३० दिवसांची मुदत चुकली तर मात्र माफी नाही. म्हणून मेमो हातात पडताच त्याच्या मागे तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला चालू असताना रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूमही कोर्ट करू शकते.

उलट बाजूनेही सांगतो. "सिक्युरिटी म्हणून ठेवतो" म्हणणाऱ्याला सही केलेला कोरा चेक देऊ नका. नंतर त्यावर भरलेली रक्कम खोटी आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

मी फक्त जामीनदार आहे. बँकेने आधी कर्जदाराकडे जायला नको का?

जायलाच हवे असे बंधन नाही. कंत्राट कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि पगारावर, मालमत्तेवर जप्ती येते. तुम्ही पैसे भरलेत तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला मिळतो, पण जो बँकेला देत नाही तो तुम्हाला कितपत देईल? जामिनावर सही करताना हे कर्ज आपलेच आहे असे धरून विचार करावा.

भाडेकरार ११ महिन्यांचा आहे. नोंदवायची गरज नाही ना?

आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (११ महिन्यांचे भाडेकरार बहुधा हेच असतात) कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ११ महिन्यांची पळवाट इथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदणीकृत करार संपूनही समोरचा घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. कुलूप तोडणे, पाणी किंवा वीज बंद करणे असले उपाय करू नका. त्याने बाजू घरमालकाचीच लंगडी पडते.

प्लॉट नोटरी करून घेतला आहे. मालकी माझी झाली ना?

नाही. नोटरी फक्त सही कोणी केली याची खातरजमा करतो. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार आहे, त्याने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि पावती घेऊन झालेले व्यवहारही विक्री ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

साठेखत करून पैसे दिले असतील आणि समोरचा खरेदीखत करून देत नसेल, तर दावा करता येतो. खरेदीसाठी तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे मुदत.

सातबाऱ्यावर नाव नाही. जमिनीवरचा हक्क गेला का?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद तोवर खरी धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा, मृत्युपत्र किंवा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून. म्हणजे नाव नसल्याने हक्क जात नाही आणि नुसते नाव लागले म्हणून मालकीही येत नाही.

तरीही नोंदीकडे दुर्लक्ष करू नका. घरातले माणूस गेल्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. थोरल्या भावाने "मी करून घेतो" म्हटले असेल, तर फेरफाराची (सातबाऱ्यावरची नावे बदलल्याच्या नोंदीची) नक्कल स्वतः काढून बघा. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. बाहेरगावी असलेल्या बहिणींची नावे वारसांत घालायची राहून जातात, आणि ते दहा-पंधरा वर्षांनी, जमीन विकायच्या वेळी उघड होते.

लग्न झालेल्या बहिणीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळतो का?

मिळतो, भावाइतकाच. हिंदू उत्तराधिकार कायद्यात झालेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, होते. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत का, यावर बरीच वर्षे घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात निकाल दिला की नाही, वडील आधी गेले असले तरी मुलीचा हक्क राहतो. लग्न कधी झाले, लग्नात किती खर्च केला, याचा वाट्याशी संबंध नाही. अपवाद एकच लक्षात ठेवा: २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही.

आता हक्कसोडपत्राविषयी, कारण खरे नुकसान तिथे होते. राखीपौर्णिमेला किंवा दिवाळीला बहीण माहेरी येते, "जरा ऑफिसला जाऊन येऊ, एक सही हवी" असे तिला सांगितले जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, अंगठा लागतो, पाच मिनिटांत सगळे होते. दस्त कोणी वाचून दाखवत नाही. नोंदणीकृत हक्कसोड झाली की ती फसवणुकीने घेतली हे सिद्ध करणे फार कठीण जाते, आणि त्यालाही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत आहे. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, त्यात कोणी पडू नये. पण दस्त आदल्या दिवशी हातात घेऊन वाचण्याचा, स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला दाखवण्याचा आणि "नाही" म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. भावांनीही हे करू द्यावे. वाचून, समजून केलेली हक्कसोड पुढे त्यांच्याच उपयोगी पडते.

वडिलांनी स्वतः कमावून घेतलेले घर आहे. ते मला डावलून दुसऱ्याला देऊ शकतात का?

देऊ शकतात. स्वकष्टार्जित मालमत्तेवर वडील हयात असताना मुलामुलींचा हक्क नसतो. मृत्युपत्र न करता ते गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आजीचे नाव वारसांत घालायला लोक हमखास विसरतात.

मृत्युपत्र स्टॅम्प पेपरवरच करावे लागते का? नोंदवावेच लागते का?

दोन्ही नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी तुम्हाला सही करताना पाहून (किंवा ती सही आपलीच आहे असे तुमच्याकडून ऐकून) तुमच्यासमोर आपली सही केलेली असावी. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान (पण सज्ञान) आणि सहज सापडतील असे निवडा, कारण वेळ आली तर कोर्टात त्यांनाच बोलवावे लागते.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवणे बरे. वय झालेले असेल तर सहीच्या दिवशीचे डॉक्टरचे, मनःस्थिती ठीक असल्याचे प्रमाणपत्र जोडा. मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते, शेवटचे खरे धरतात. मुस्लिम कायद्याप्रमाणे मात्र वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते.

बँकेत नॉमिनी मी आहे. म्हणजे पैसे माझेच ना?

बँक पैसे तुमच्या हातात देईल. त्यावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे त्याचा राहतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. सोसायटीतल्या फ्लॅटलाही हेच लागू: सभासदत्व नॉमिनीच्या नावे झाले तरी वारसांचा हक्क बुडत नाही. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीधारकाने आपले आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर रक्कम त्यांचीच होते. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात.

मुलाच्या नावे घर बक्षीस केले. आता तो सांभाळत नाही. परत मिळेल का?

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. अर्ज उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत कार्यालयात करायचा. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ताही तिथेच मागता येतो. बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, नाहीतर अट होती की नव्हती यावरच वाद रंगतो. माझे मत विचाराल तर हयातीत घर नावावर करून देऊच नये. मृत्युपत्र करावे.

सासरच्यांनी घराबाहेर काढले. घर सासूच्या नावावर आहे. परत जाता येते का?

येते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असल्याने हा हक्क आपोआप जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात म्हटले आहे. तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो. निघताना जमले तर आधार, बँक पासबुक, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले सोबत घ्या. नाही जमले तरी थांबू नका, आधी स्वतः सुरक्षित व्हा. कागद मागून काढता येतात.

दोघांच्या संमतीने १०० किंवा ५०० च्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतली. चालेल का?

हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट कोर्टच देते. समाजाची जुनी रूढी सिद्ध करता आली तरच अपवाद, आणि ते सोपे नसते. अशा कागदावर विसंबून दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरण्याचा मोठा धोका आहे. संमतीचा घटस्फोट कलम १३ ब खाली मिळतो. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. परत एकत्र येण्याची शक्यता उरली नसेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते.

पोलीस तक्रार घेत नाहीत. काय करू?

आधी गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा) आहे की अदखलपात्र, ते पाहा. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा गोष्टींत पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. दखलपात्र गुन्ह्यात मात्र एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना दिली आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. झिरो एफआयआर करून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

नाहीच घेतली, तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तालयाला) स्पीड पोस्टाने पाठवा. तेवढ्यानेही हलले नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. पोस्टाची पावती फेकू नका, कोर्ट ती मागते.

"पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे" असा व्हिडिओ कॉल आला.

फोन ठेवा. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, लवकर कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

खऱ्या अटकेत माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावेच लागते. आणि साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर महिलेला किंवा ६० वर्षांवरील माणसाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

दुकानदार खराब वस्तू बदलून देत नाही. वकील लावणे परवडत नाही.

वकील लागतच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही स्वतः तक्रार चालवू शकता, तीही तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहा.

जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ५०० चा स्टॅम्प लागतो का?

लागत नाही. शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर करा.

भाऊ कोर्टातून स्टे आणेल अशी भीती आहे. आधीच काही करता येते?

कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नये" असा अर्ज, दाखल करा. मग तुम्हाला कळवल्याशिवाय सहसा मनाई हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालते, पुढे नव्याने करावे लागते.

वकील बदलायचा आहे, पण तो फाईल देत नाही.

फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. फीचा हिशेब वेगळा, तो त्यालाही मागता येतो. मूळ कागद शक्यतो वकिलाकडे ठेवूच नका, झेरॉक्स द्या आणि मूळ कागद कोर्टात लावला तर त्याची नोंद स्वतःकडे ठेवा. "केस जिंकली तर इतके टक्के" असा करार करायला वकिलांना बंदी आहे, तेव्हा कोणी तसे मागितले तर मान्य करू नका.

फी द्यायला पैसेच नाहीत. मग?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे किंवा तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय सहसा कोर्टाच्या आवारातच असते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. फोन करायचा असेल तर १५१००. जाताना आधार, उत्पन्नाचा किंवा जातीचा पुरावा आणि प्रकरणाचे जे काही कागद असतील ते घेऊन जा. पुढची तारीख जवळ आली असेल तर अर्ज देतानाच तिथल्या कर्मचाऱ्याला ती सांगा, म्हणजे त्या तारखेला तुमच्यासाठी वकील उभा राहील अशी सोय वेळेत करता येते.